जपानला जाण्याआधीचं श्राद्ध

माझी मुलगी जपानला जाणार हे मला पोह्यांवर कोथिंबीर घालता घालता कळलं. रविवारची दुपार, इथल्या, अमेरिकेतल्या रेडमंडचा तो नेहमीचा भुरभुर पाऊस आणि ती नुकतीच चर्चमधून आलेली. ओलं जॅकेट खुर्चीवर टाकत म्हणाली, "आई, मी फॉलमध्ये जपानला जातेय. दोन वर्षांसाठी." मला आधी आनंदच झाला. ती शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे, बोलताना अडखळणाऱ्या मुलांना शिकवते. म्हटलं, शाळेने पाठवलं असेल, बरं झालं, जग बघेल पोरगी.

"शाळेने नाही, चर्चने," ती म्हणाली. "तिथे एका छोट्या गावात आमच्या लोकांनी चर्च सुरू केलंय. इंग्लिश शिकवायचं आणि लोकांना सांगायचं."

"काय सांगायचं?"

"यू नो व्हॉट, आई."

माहीत होतंच की मला. ती ख्रिस्ती झाली त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. बाप्तिस्म्याला मी स्वतः गेले होते, चांगली कांजीवरम नेसून. कुणाच्या कार्याला रिकाम्या हाताने जायचं नाही एवढं मला कळतं, म्हणून काजूकतलीचा मोठा डबा घेऊन. स्टेजवर एक पाण्याचं टाकं होतं. त्यात तिला पाठीवर आडवं करून बुडवलं, वर काढलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काजूकतली बघता बघता संपली. त्यांच्या पाळकांची, म्हणजे पास्टरची, बायको माझा हात धरून म्हणाली की तुमच्यासारखी आई मिळायला नशीब लागतं, आणि मी हवेत. पुढे कितीतरी दिवस मी मराठी मंडळात सांगत फिरत होते, आमच्याकडे काय, तेहतीस कोटी आहेत, त्यात आणखी एक. लोक हसायचे. स्वतःच्या उदारपणाचं मला भारी कौतुक होतं. फुकटात मिळाला होता ना तो, म्हणून.

पण स्वतः होणं वेगळं आणि दुसऱ्यांना करायला जाणं वेगळं. मी तिला तोंडावर तसं म्हटलं. त्या जपानी लोकांचं काय अडलंय, त्यांची देवळं आहेत, सण आहेत, आपापल्या पद्धतीने चाललंय त्यांचं, तू तिथे जाऊन काय सांगणार? ती म्हणाली, "मला जे मिळालं ते मी एकटीनेच ठेवू? दॅट वुड बी सेल्फिश."

"मला पुरणपोळी चांगली जमते म्हणून मी शेजाऱ्यांच्या घरात घुसून त्यांचा पिझ्झा फेकून देते का?"

ती हसली. भांडतानाही हसते, अगदी तिच्या बाबांसारखी. त्यामुळे तिच्याशी धड भांडता येत नाही, नुसतं चिडायला होतं.

खरं तर धर्म बदलणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नाही, मी नागपुरात वाढलेली बाई आहे. शाळेतली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण बौद्ध. त्यांच्या घरातून देव काढले त्या दिवसाची गोष्ट तिची आजी आम्हाला सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की आम्हीही तोंड उघडं टाकून ऐकत बसायचो. ज्या देवांनी कधी देवळाच्या पायरीवरही उभं केलं नाही ते घरात कशाला ठेवायचे, असं तिचं म्हणणं. ते मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. पण माझ्या मुलीला कोणत्या देवाने हाकललं होतं? गणपतीत आरतीचं ताट तिच्याच हातात असायचं. मग हिने का सोडावं? हे विचारल्यावर मात्र ती हसली नाही. म्हणाली, "बाबा गेले तेव्हा सगळ्या काकू-मावश्यांनी डबे आणले. तेराव्यानंतर सगळे आपापल्या घरी गेले. तूही ऑफिसला गेलीस. मी कॉलेजच्या डॉर्ममध्ये रात्रंदिवस पडून असायचे. माझी रूममेट आणि तिच्या ग्रुपमधल्या मुली रोज येऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या."

मी ऑफिसला गेले नसते तर मला वेड लागलं असतं, हे तिला माहीत आहे. तिने आरोप केला नव्हताच. मी पोहे वाढले, ते तसेच गार झाले.

तिचे बाबा पाच वर्षांपूर्वी गेले. शेजारच्याच बेलव्ह्यूला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता, हार्ट अटॅक. ही आमची एकुलती एक. नागपूरहून दिरांचा फोन आला, "वहिनी, तुम्ही थांबा, मी मिळेल त्या फ्लाइटने येतो, अग्नी मी देतो. मुलीने कसं द्यायचं?" मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की ते आले नाहीत आणि पुढची दोन वर्षं दिवाळीला त्यांचा फोनही आला नाही. अग्नी माझ्या मुलीने दिला. इथे अग्नी म्हणजे भिंतीवरचं एक हिरवं बटण. तिने ते अंगठ्याने दाबलं आणि आतला आवाज सुरू झाल्यावरही कितीतरी वेळ अंगठा काढला नाही.

तेव्हापासून दरवर्षी पितृपक्षात श्राद्धही तीच करायची. नागपूरचे एक तरुण गुरुजी व्हिडिओ कॉलवर सांगतात. मुलीच्या हातून करायला त्यांनी कधी खळखळ केली नाही, म्हणून मी त्यांना धरून ठेवलंय. शास्त्रात श्राद्ध दुपारचं. पण आमच्या दुपारी नागपुरात मध्यरात्र असते आणि गुरुजींना झोप अनावर होते, म्हणून आमचं श्राद्ध सकाळी. लॅपटॉप टिश्यूच्या खोक्यावर टेकवायचा, इंडियन स्टोअरमधून आणलेल्या दर्भाची प्लॅस्टिकची पिशवी फोडायची, आणि ही जमिनीवर बसून अमेरिकन उच्चारात गुरुजींच्या मागून म्हणायची. पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचं हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की गुरुजी म्हणायचे, इथली पोरं चुकतात, ती चुकत नाही.

तर या वर्षी पितृपक्ष आला तिच्या जायच्या आधीच्या आठवड्यात. ती भाड्याची खोली सोडून सामानासकट घरी आली होती, जिन्याखाली तिच्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. मी म्हटलं, "बरं झालं, बाबांचं करूनच जाशील."

तिने हातातला स्वेटर खाली ठेवला. "आई, आय कान्ट. या वर्षी नाही करू शकत."

मला वाटलं, वेळ नाही म्हणतेय. म्हटलं, अर्धा तास लागतो. तेव्हा तिने मला समोर बसवून सांगितलं, अगदी हळू, तिच्या शाळेतल्या मुलांना सांगते तसं. ते फक्त पाणी नाही, ती पूजा आहे, आणि तिने आता एकाच देवापुढे हात जोडायचं वचन दिलंय. बाबांची आठवण ती रोज काढते, देवाचे त्यांच्यासाठी आभार मानते.

"आभार मान, छान आहे. पण त्यांच्यासाठी काही मागतेस की नाही? त्यांना बरं असू दे वगैरे?"

तिने मान हलवली. "वी डोन्ट प्रे फॉर द डेड, आई."

इतका वेळ मी सगळं ऐकून घेतलं होतं, हे मात्र मला ऐकवेना. म्हणजे माझ्या नवऱ्याला आता या जगात कुणी काही मागणारं उरलं नाही, माझ्याशिवाय. आणि ज्या हक्कासाठी मी अख्ख्या सासरशी वैर घेतलं, तो हक्क हिला नकोच होता. दिरांना कळलं तर ते काय म्हणतील ते मला ऐकूच येत होतं. पण त्यांचं जाऊ दे. मला तिच्या हातून पाणी हवं होतं. एकदाच, जायच्या आधी. त्यापुढे मला काही सुचत नव्हतं.

आमच्या ओळीतल्या घरांमध्ये दोन दारं सोडून एक जपानी बाई राहतात. वयाने पंच्याहत्तरीच्या पुढे, नवरा अमेरिकन होता, तोही गेला. आमचं सूत का जुळलं कुणास ठाऊक. त्यांच्या झाडाची पर्सिमनची केशरी फळं मला येतात, माझं लिंबाचं लोणचं त्यांना जातं, आणि पाऊस थांबला की आम्ही दोघी तळ्याभोवती चक्कर मारतो. मुलगी त्यांना मावशी म्हणते. त्यांच्या बैठकीत काळ्या लाकडाचं एक छोटं कपाट आहे, आत आईवडिलांचा आणि नवऱ्याचा फोटो. सकाळी कुकरमधला पहिला भात छोट्या वाटीत त्यांच्यापुढे ठेवतात, उदबत्ती लावतात, घंटीवर हलकी टिचकी मारतात आणि मग चहा घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं होतं, हे तर आमचं देवघर, फक्त देवांच्या जागी घरची माणसं. त्यांना ते फार आवडलं होतं.

गेला सगळा उन्हाळा मुलगी दर शनिवारी त्यांच्याकडे जपानी शिकायला जात होती. याचं मला आतून लागलं होतं. म्हाताऱ्या बाईकडून तिची भाषा शिकायची आणि त्याच भाषेत तिच्या लोकांना सांगायचं की तुमचं हे कपाट बंद करा? मी सरळ उठून त्यांच्याकडे गेले. म्हटलं, सांगून टाकते, शिकवणं बंद करतील, मग बघू ही कशी जाते ते.

"तुम्हाला माहीत आहे का ती कशासाठी शिकतेय?"

मावशींनी माझ्या कपात चहा ओतला. "पहिल्याच दिवशी सांगितलं तिने मला. विचारलं, तरी शिकवाल का."

म्हणजे यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि तुम्ही हो म्हणालात?"

त्या म्हणाल्या, "मला इंग्रजी कुणी शिकवलं असेल असं तुला वाटतं? आमच्या गावात एक अमेरिकन मिशनरी बाई होत्या. बालवाडी चालवायच्या. त्यांच्यामुळे मी शिकले, त्यांच्यामुळे या देशात आले. माझी मोठी बहीण त्यांच्यामुळे ख्रिस्ती झाली." मग त्यांनी बहिणीचं सांगितलं. वडील गेले तेव्हा घरच्यांनी एकेक करून पुढे जाऊन चिमूटभर उदाची पूड निखाऱ्यावर टाकायची होती. बहिणीची पाळी आली. ती पुढे गेली, खाली वाकली आणि तशीच मागे आली. चिमूट घेतलीच नाही. सगळ्या नातेवाइकांनी पाहिलं. मग दिवसभर ती मागच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांचे कप धूत उभी राहिली. आई तिला एका शब्दाने बोलली नाही. पण मरेपर्यंत कुणी वडिलांचं नाव काढलं की आई तो दिवस आठवून रडायची.

"मग त्या मिशनरी बाई चांगल्या की वाईट?" मी विचारलं. मला न्याय हवा होता.

"माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. आणि माझ्या आईला त्यांनी रडवलं. मी इतक्या वर्षांत हे दोन्ही एकत्र करायचा प्रयत्न केला. होत नाही."

मला हे असलं गुळमुळीत बोलणं चालत नाही. मी म्हटलं, "पण मी तिच्याकडे मागतेय तरी काय? तिने तिचा देव सोडावा असं म्हणत नाहीये. फक्त एक ओंजळ पाणी. त्याने काय बिघडतं?"

मावशींनी कप खाली ठेवला. त्या मूळच्या जपानच्या दक्षिणेकडच्या, जिथे खूप जुन्या काळी पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले होते आणि मग सरकारने त्या धर्मावर बंदी घातली होती. त्यांनी शांतपणे सांगितलं की तिथे दर नव्या वर्षी अधिकारी जमिनीवर येशूची किंवा त्याच्या आईची प्रतिमा असलेली पाटी ठेवायचे, आणि गावातल्या प्रत्येकाने तिच्यावर पाय देऊन पुढे जायचं. तान्ह्या पोरांचेही पाय टेकवायचे. ज्याला जमलं नाही तो पकडला जायचा, त्याचे हाल व्हायचे, जीवही जायचा. "तेव्हा अधिकारी हेच म्हणायचे, असं आम्हाला शाळेत सांगायचे. मनात काय ठेवायचं ते ठेव, फक्त एक पाऊल टाक. त्याने काय बिघडतं?"

मला इतका राग आला की मी चहा तसाच टाकून उठले. मी आई आहे, अधिकारी नाही. माझ्या हातात कुठली शिक्षा होती? रस्ताभर मी हेच पुटपुटत आले. घरी आल्यावर गुरुजींना मेसेज केला, नेहमीप्रमाणे सकाळी आठ.

मुलीला मी पुन्हा एका शब्दाने विचारलं नाही. बळजबरी करायची नाही असं ठरवलंच होतं. फक्त पितृपक्षातल्या त्यांच्या तिथीला पहाटेच उठून खीर केली, वडे तळले, आमसुलाची चटणी केली, भोपळ्याची भाजी केली. वड्यांच्या धुराने अलार्म केकाटला तोही टॉवेल हलवून बंद केला. जमिनीवर तांब्या, ताम्हण, पळी, काळे तीळ, दर्भ मांडले. मीच करणार होते, गुरुजींना तसं सांगणार होते. पण खरं सांगायचं तर पाट मी दोन मांडले होते.

गुरुजी स्क्रीनवर आले. नागपुरात रात्र, मागे पंखा फिरत होता. "कन्या कुठंय? बोलवा तिला."

"गुरुजी, या वर्षी मी करते. चालेल ना?"

"चालेल की ताई, पत्नीला अधिकार आहे." बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, आपुलकीनेच बोलले, "पण त्यांना आता तिच्या हातची सवय झाली असेल."

झालं. मी मोठ्या हिमतीने बसले होते, पण या वाक्याने माझा बांध फुटला. मला पळीही धरता येईना. मी पदर तोंडावर घेऊन रडत होते आणि गुरुजी विचारत होते, "ताई, आवाज येतोय का माझा?"

ती जिन्यावर उभी होती. कधीपासून कोण जाणे. घरातल्या कपड्यांतच होती, केस विस्कटलेले. खाली आली, दुसऱ्या पाटावर बसली, दर्भ उचलला आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. गुरुजींना एवढंच दिसलं की मुलगी आली. "हां, छान," म्हणाले आणि त्यांनी सुरुवात केली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. लाज वाटते सांगायला, पण आनंदच झाला. जिंकलेच मी. पळीत पाणी घेतलं, तीळ घेतले, तिच्या तळहातावर ओतायला हात पुढे केला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी इंजेक्शनला हात पुढे करायची तशी ती बसली होती, भिंतीकडे बघत. उघडा तळहात तसाच पुढे धरलेला. ओठ हलत होते. मला वाटलं गुरुजींच्या मागून म्हणतेय. कान दिला तर ती हळू आवाजात पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "आय ॲम सॉरी, आय ॲम सॉरी." ती माफी मागत होती, आणि ती माझी नव्हती, बाबांचीही नव्हती.

मी पळी तांब्यात परत टाकली. "ऊठ."

"इट्स ओके आई, मी करते."

"ऊठ म्हटलं ना."

ती उठेना. मी तिच्या बोटांतून दर्भ काढून घेतला, तिला दंडाला धरून उभी केली. गुरुजींना सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, मी करणार आहे. ते गोंधळले, पण भले माणूस आहेत, काही विचारलं नाही. माझ्या ओंजळीतून पाणी चुकीच्या बाजूने गळत होतं. ती मागे भिंतीला टेकून उभी होती, पण चूक दाखवायला पुढे आली नाही. नवऱ्याला मी मनात म्हटलं, आज एवढ्यावरच भागवून घ्या.

नैवेद्य झाल्यावर आम्ही जेवायला बसलो. तिने नैवेद्याचं काही खाल्लं नाही, दही-भात घेतला. तो मी तिच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवला होता, नैवेद्य दाखवायच्या आधी. माझ्या सासूबाईंनी हे पाहिलं असतं तर दोघींनाही घराबाहेर काढलं असतं. मग मी विचारलं, "तिथे एखादी मुलगी अशीच हात पुढे करेल. तुमच्यात आलेली, पण आईचं मन राखायला उदबत्ती लावणारी. तू काय सांगशील तिला?"

ट्रेनिंगमध्ये त्यांना याचं उत्तर शिकवलेलं असणार, माझी खात्री होती. ते ती देईल आणि मग मी तिला सोडणार नाही असं मी ठरवून बसले होते. पण ती म्हणाली, "मला माहीत नाही, आई."

पुढच्या आठवड्यात मी तिला एअरपोर्टवर सोडलं. मावशी आल्या होत्या. त्यांनी तिला गाडीत बसूनच शेवटचा धडा दिला, कुणाकडे गेल्यावर बूट कसे काढून ठेवायचे त्याचा. मी तिला मिठी मारली आणि म्हटलं, जपून राहा.

ती दर शनिवारी दुपारी फोन करते, तेव्हा तिच्याकडे रविवारची सकाळ असते आणि ती चर्चला निघायच्या तयारीत असते. गाव समुद्राकाठी आहे, मासळीचा वास सगळीकडे, चर्चला येणारी माणसं मोजकी, बहुतेक म्हातारी. तिला तिथे आवडतं. शेजारणी तिला मुळे आणि कांदे आणून देतात. मी ऐकते, हसते, मावशींना जाऊन सगळं सांगते. मंडळात कुणी विचारलं तर म्हणते, इंग्लिश शिकवतेय. तेहतीस कोटींचा विनोद आता मी करत नाही.

मागच्या शनिवारी तिचा आवाज वेगळा होता. एका विधवा बाईंचा आदल्या रविवारी बाप्तिस्मा झाला होता. त्या बाईंच्या घरी नवऱ्याचं तसंच काळं कपाट होतं. चर्चच्या प्रमुखांनी त्यांच्याशी बोलून सांगितलं की आता ते ठेवू नये. फेकायचं नाही, देवळात नेऊन रीतसर परत द्यायचं. प्रमुखांच्या पाठीला त्रास आहे, म्हणून हे उचलायला माझ्या मुलीला बरोबर नेलं होतं.

"उचललंस?"

"हो. हलकं होतं." मग घाईघाईने म्हणाली, "आई, नोबडी फोर्स्ड हर. त्यांनाच हवं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याची दारं लावली."

"रडल्या का?"

"थोड्या."

"काही म्हणाल्या?"

"दारं लावायच्या आधी गुडघ्यावर बसल्या होत्या. फोटोला सॉरी म्हणत होत्या. खूप वेळा."

मी खुर्चीत बसले. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, पण तिचा तळहात मला दिसत होता. मला माझ्या लेकीचा इतका राग कधी आला नव्हता आणि तिची इतकी काळजीही कधी वाटली नव्हती. ओरडावंसं वाटत होतं, पण आवाज साधाच निघाला.

"मग तू त्यांना ऊठ म्हणालीस का?"

तिच्या मागे समुद्राचे पक्षी ओरडत होते ते ऐकू येत होतं. ती "नाही" म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी फोन कानाला लावून बसून राहिले. उगी उगी मात्र मी तिला म्हटलं नाही.